व्यापाऱ्याच्या मशीनवर १६.२, माझ्या मीटरवर १८ : खरं कुणाचं?

मणेरी (धागाकर्ता) | रात्री ९:१२
राम राम मंडळी. तासगाव भागात अडीच एकर सोनाका द्राक्षाची बाग आहे. काल जागेवरचा सौदा ठरायचा होता. माझ्याकडे हातातला ब्रिक्स मीटर आहे, म्हणजे रसातली साखर टक्क्यांत दाखवणारा, ऑनलाइन १२०० ला घेतलेला. काचेवर रस टाकायचा, डोळ्याला लावून उजेडाकडे बघायचं, निळं-पांढरं जिथे मिळतं तो आकडा. सकाळी ७ ला मोजलं तर १८, दोन ओळींत तर १८.५. म्हटलं झालं काम.

दुपारी दीड-दोनला व्यापारी आला. खिशातून डिजिटल मशीन काढलं, तीन मणी पिळले, बटण दाबलं, १६.२. "गोडी नाही दादा. आठ दिवस थांबा, नाहीतर पेटीमागे ३० रुपये कमी." माझा मीटर दाखवला तर हसला. त्याचं मशीन दहा-बारा हजाराचं, म्हणून तेच खरं!

भांडायचं नाही मला, समजून घ्यायचंय. ही यंत्रं उजेडावर साखर कशी काय ओळखतात? आणि एकाच बागेत सात तासांत पावणेदोन ब्रिक्स गेला कुठे? शनिवारी तो परत येणार आहे, त्याआधी सांगा.

फुकटचा_सल्ला | ९:२०
तिसरं मशीन घ्या. मग तीन आकडे येतील आणि भांडणाला जरा रंगत येईल.

टूलरूम | ९:३१
दादा, पहिला प्रश्न : शून्य कधी लावलं होतं?

आमच्याकडे भोसरीत मशीनवरच्या कूलंटसाठी हाच मीटर वापरतात, फक्त पट्टी वेगळी. पाण्यात सोल्युबल ऑइल किती टक्के आहे ते बघायला. नवीन पोरगं आलं की पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतो : आधी शुद्ध पाण्याचा थेंब टाक, रेघ शून्यावर आहे का बघ, नसेल तर वरचा स्क्रू फिरव. वर्षभर स्क्रूला हात न लावता आकडे लिहिणारे महाभाग मी पाहिले आहेत. एकदा मीटर खाली पडला होता, कुणी सांगितलं नाही, आणि दोन महिने आम्ही ८ टक्के समजून ५ टक्क्यांचं कूलंट वापरत होतो. जॉबवर गंज यायला लागला तेव्हा कळलं.

मणेरी | ९:४०
स्क्रू आहे होय त्याला? मला वाटलं झाकणाचा आहे.

टूलरूम | ९:४१
🙏

खडूफळा | १०:०५
मणेरी, प्रश्न फार छान विचारलात. उजेडाला साखर ओळखता येत नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. बाकीचं सगळं त्यातून निघतं.

पेल्यातल्या पाण्यात चमचा वाकडा दिसतो. प्रकाश हवेतून पाण्यात शिरताना वळतो म्हणून. किती वळतो त्याला अपवर्तनांक म्हणतात. २० अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्याचा अपवर्तनांक १.३३३०. त्याच पाण्यात वजनाने १० टक्के साखर असेल तर १.३४७८, २० टक्के असेल तर १.३६३८. म्हणजे एक ब्रिक्स वाढला की साधारण दीड हजारांश फरक. एवढासा फरक तुमचा १२०० रुपयांचा मीटर डोळ्याला दाखवतो, मला तरी अजून नवल वाटतं.

तो कसा दाखवतो? काचेच्या लोलकावर रस पसरलेला असतो. झाकणातून आलेला उजेड रसातून काचेत सगळ्या दिशांनी शिरतो, पण एका ठरावीक कोनापलीकडे तो काचेत जाऊच शकत नाही. त्या कोनाच्या अलीकडे उजेड, पलीकडे अंधार. रस जितका दाट तितका तो कोन सरकतो आणि तुम्हाला दिसणारी रेघ वर चढते. व्यापाऱ्याच्या मशीनमध्ये तत्त्व तेच, फक्त उलट बाजूने. आतला पिवळा दिवा काचेच्या आतून रसावर प्रकाश टाकतो. एका कोनापलीकडे तो पूर्ण परावर्तित होतो, अलीकडे रसात निसटून जातो. परत आलेल्या प्रकाशात सावलीची कडा कुठे पडली ते प्रकाशसंवेदकांची एक बारीक रांग मोजते. डोळ्याच्या जागी सेन्सर आला, एवढंच.

आता मुद्दा. प्रकाश वळतो तो रसात विरघळलेल्या सगळ्यामुळे. साखर, आम्ल, क्षार, सगळं मिळून. मीटरची पट्टी मात्र पाणी आणि निव्वळ साखर यांवरून आखलेली असते. द्राक्षात बहुतेक विरघळलेला माल साखरेचाच असतो म्हणून चालतं. शिवाय रस तापला की अपवर्तनांक उतरतो. तापमानाची दुरुस्ती नसलेला मीटर २० ऐवजी ३० अंशाला वापरला तर सुमारे पाऊण ब्रिक्स कमी दाखवतो. तुमचं वाचन सकाळी सातचं, त्याचं दुपारी दोनचं. विचार करा.

मणेरी | १०:१८
सर, माझ्या मीटरवर एटीसी असं लिहिलंय. त्याच्या मशीनवर पण असणारच ना?

खडूफळा | १०:२६
असणार. एटीसी म्हणजे तापमानाची आपोआप दुरुस्ती. पण तुमच्या मीटरमध्ये ती साधारण १० ते ३० अंशांपुरतीच असते, मीटरवर छापलेलं असेल बघा. फेब्रुवारीतल्या दुपारी उन्हात ठेवलेला मीटर त्याच्या बाहेर जातो. डिजिटलमध्ये तापमान मोजणारा सेन्सर काचेला चिकटलेला असतो, रसाला नाही. थेंब टाकल्याबरोबर बटण दाबलं तर काच एका तापमानाला, रस दुसऱ्या. पाच-दहा सेकंद थांबायचं, मग बटण.

उसाचं_कांडं | १०:५०
मणेरीदादा, तुमचा व्यापारी निदान तुमच्यासमोर मोजतो. आम्हा ऊसवाल्यांचं काय? ऊस गेला की गेला. रिकव्हरी, म्हणजे उसाच्या वजनात किती टक्के साखर निघाली, ती कारखाना सांगेल ती. एफआरपीचा (सरकारने ठरवलेल्या उसाच्या किमान भावाचा) मूळ दर १०.२५ टक्के रिकव्हरीवर ठरतो आणि त्याच्या वर-खाली पैसे हलतात. एका दशांशाची किंमत काय असते ते आम्हाला विचारा.

तोडणीआधी आम्ही पण हाच मीटर वापरतो. बुडख्याकडचं कांडं आणि वाढ्याखालचं कांडं, दोन्हीकडून रस काढायचा. वरचा ब्रिक्स खालच्याच्या जवळ आला की ऊस पक्व. वरचा १३ आणि खालचा २० असेल तर थांबा. एकाच उसात सात ब्रिक्सचा फरक, आणि तुम्ही अख्ख्या बागेतल्या तीन मण्यांवर सौदा करताय!

माझा इशारा कळला असेलच. मणी कुठले तोडले त्याने?

मणेरी | ११:०२
ते बघितलं नाही. वाकून खालून घेतले असं आठवतंय.

उसाचं_कांडं | ११:०३
शेंड्याचे.

खडूफळा | ११:१०
हेच असावं. घडात देठाकडच्या पाकळ्यांचे मणी आधी पिकतात, शेंड्याचे मागे राहतात. आणि तुम्ही सकाळी कुठले घेतले होते?

मणेरी | ११:१४
खरं सांगू? वरचे. उन्हाकडचे, पिवळे पडलेले.

फुकटचा_सल्ला | ११:१५
दोघंही आपापल्या मालाचं खरं बोलत होते. कोर्ट उद्यापर्यंत तहकूब.

विहीर_बोअर | सकाळी ६:४०
माझी शंका पाण्याची. आमच्या भागात बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, १२०० च्या वर. त्या पाण्याने शून्य लावलं तर सगळेच आकडे चुकणार. माझ्या मते गोंधळ तिथेच आहे.

सोल्डरगन | ७:५५
नाही हो, आकडेमोड करून बघू. १२०० टीडीएस म्हणजे लिटरला १.२ ग्रॅम, म्हणजे ०.१२ टक्के. क्षारांमुळे प्रकाश जवळपास साखरेइतकाच वळतो असं धरा. म्हणजे चूक ०.१ ते ०.१५ ब्रिक्सची. मणेरींच्या मीटरवर एक रेघसुद्धा ०.२ ची असते. शिवाय दिशा उलटी : खारट पाण्यावर शून्य लावलं तर आकडा कमी यायला हवा, त्यांचा जास्त येतोय. बोअर निर्दोष.

तरी शून्याला डिस्टिल्ड वॉटरच घ्या, बॅटरीत घालायचं मिळतं ते चालेल.

विहीर_बोअर | ८:०२
बरं. बोअरवर पहिल्यांदाच कुणीतरी दया दाखवली.

प्रोजेक्टग्रस्त | ९:३०
इथे विचारू का, धाग्याला थोडं अवांतर आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. "ऑप्टिकल सेन्सरने द्रावणाची तीव्रता मोजणे" हा मिनी प्रोजेक्ट घेतलाय. घरी बाबा द्राक्षवाले असल्याने मोरचुदाचं (कॉपर सल्फेटचं) द्रावण घेतलं. निळा एलईडी, मध्ये काचेची बाटली, पलीकडे एलडीआर (उजेडाप्रमाणे रोध बदलणारा सेन्सर), खाली आकडे वाचायला अर्डुइनो बोर्ड. द्रावण अर्धा टक्का असो की दोन टक्के, आकडा हलतच नाही. ट्यूबलाइट लावली की मात्र हलतो 😭 सोमवारी दाखवायचंय.

सोल्डरगन | १०:१५
भावा, निळा एलईडी का घेतलास?

प्रोजेक्टग्रस्त | १०:१७
द्रावण निळं आहे म्हणून.

सोल्डरगन | १०:४४
नव्वद टक्के पोरं इथेच अडकतात, मी पण अडकलो होतो. मोरचूद निळा दिसतो कारण तो निळा प्रकाश सोडून देतो. तो खातो लाल आणि त्याच्या पलीकडचा अवरक्त. त्याचं शोषण सगळ्यांत जास्त ८०० नॅनोमीटरच्या आसपास असतं. तू त्याला नको असलेलं वाढतोयस आणि तो ताट तसंच परत करतोय.

सीसीटीव्ही कॅमेऱ्यात रात्री लावायचे ८५० चे अवरक्त एलईडी मिळतात, तो लाव. एक टक्क्याचं द्रावण एक सेंटिमीटर जाडीतच निम्म्याहून जास्त प्रकाश गिळेल. लाल एलईडीवरही फरक दिसेल, पण क्षीण. एलडीआर मात्र काढ. त्याला अवरक्त नीट दिसत नाही, तो आळशी आहे आणि त्याचा रोध प्रकाशाच्या सरळ प्रमाणात बदलत नाही. बीपीडब्ल्यू३४ फोटोडायोड घे, त्यातला प्रवाह प्रकाशाच्या सरळ प्रमाणात वाढतो. सोबत तो प्रवाह वाढवून घ्यायला साधं ऑपअ‍ॅम्प लागेल. अर्डुइनोचा आतला एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) १० बिटांचा, म्हणजे ५ व्होल्टचे १०२४ तुकडे. बारीक फरक बघायचा तर बाहेरून एडीएस१११५ हा जास्त बिटांचा एडीसी जोड.

आणि सगळं काळ्या डब्यात बंद कर. ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, ते तुझ्या आकड्यात येतंय. प्रत्येक वाचनाआधी एलईडी बंद करून अंधाराचं वाचन घे आणि वजा कर.

प्रोजेक्टग्रस्त | ११:०१
सर, लाख लाख धन्यवाद. मग व्होल्टेज आणि टक्केवारी यांचा आलेख सरळ रेषेत येईल ना?

खडूफळा | ११:२०
नाही येणार, आणि का नाही हेच परीक्षक विचारतील.

अर्धा टक्क्याच्या द्रावणातून समजा अर्धा प्रकाश पार होतो. एक टक्का केलंस तर शून्य होणार नाही, अर्ध्याचा अर्धा होईल. म्हणून आधी नुसत्या पाण्याचं वाचन घे, मग द्रावणाचं, दोन्हींचा भागाकार कर आणि त्याचा लॉग घे. पाण्यात ८००, द्रावणात ४०० : लॉग २ म्हणजे ०.३०१. दुप्पट तीव्र द्रावणात २०० : ०.६०२. हा आकडा सरळ रेषेत वाढतो. बूगे यांनी १७२९ मध्ये, लाम्बर्ट यांनी १७६० मध्ये प्रकाश थरातून जाताना कसा घटतो ते मांडलं. द्रावणाच्या तीव्रतेशी त्याचा संबंध बेअर यांनी १८५२ मध्ये जोडला. नियमाच्या नावात बिचारे बूगे बहुतेक वेळा गळतात.

काचेची बाटली प्रत्येक वेळी तीच वापर आणि त्याच दिशेने ठेव. जाडी बदलली की सगळं बदललं.

ओडीवाली | दुपारी १:१०
पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. तुम्ही जे बोलताय ते आम्ही दिवसाला शंभर वेळा करतो. रक्तातली साखर मोजताना सिरममध्ये रिएजंट घातलं की गुलाबी रंग येतो, तो ५०५ नॅनोमीटरवर वाचायचा. आधी ब्लँक (नुसतं रिएजंट), मग स्टँडर्ड (साखर १०० आहे हे माहीत असलेलं द्रावण), मग पेशंट. पेशंटची ओडी (वर सरांनी सांगितलेला तो लॉगचा आकडा) भागिले स्टँडर्डची ओडी गुणिले १००. लॉगबिग मशीन करतं.

पोरा, दोन गोष्टी आमच्या लॅबमधल्या. द्रावण फार गडद झालं तर आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. ओडी २ म्हणजे पलीकडे फक्त एक टक्का प्रकाश पोचला. डब्याला बारीक भोक असेल तर तितका उजेड बाहेरूनच येतो. आम्ही अशा वेळी सिरम सलाइनने निम्मं पातळ करतो आणि उत्तराला दोनने गुणतो. आणि गढूळपणा. जेवून आलेल्या पेशंटचं सिरम कधी दुधासारखं असतं. त्यात प्रकाश खाल्ला जात नाही, विखुरला जातो, पण मशीनला पलीकडे कमी पोचला एवढंच कळतं. ते साखर वाढली असं समजतं.

म्हणून विचारते, तुझ्या मोरचुदात चुना घातलास का?

प्रोजेक्टग्रस्त | १:१५
ताई, एका बाटलीत घातला होता. बाबा फवारणीचं बोर्डो मिश्रण तसंच करतात ना.

ओडीवाली | १:१६
ती बाटली बाजूला ठेव.

मणेरी | १:४०
बाळा, बोर्डोत मोरचूद विरघळलेला राहत नाही, चुन्याबरोबर त्याचा निळा साका होतो. एक टक्का बोर्डो म्हणजे १०० लिटरला १ किलो मोरचूद आणि जवळपास तेवढाच चुना. मोरचूद कमी-जास्त झाला का ते बघायला आम्ही लोखंडी विळा बुडवतो. तांबूस थर चढला तर चुना कमी पडला. तो आमचा ऑप्टिकल सेन्सर. डोळ्याने बघायचं.

फुकटचा_सल्ला | १:४४
विळ्याला एटीसी आहे का?

नाशिकचा_वारा | ३:२०
वाइनरीत काम करतो. वाइनची द्राक्षं आम्ही २२ ते २४ ब्रिक्सला तोडतो, त्यामुळे १६ की १८ हा वाद आमच्याकडे होत नाही, वेगळे होतात. रस आंबायला लागला की हाच मीटर थापा मारतो. साखरेचा अल्कोहोल होतो, अल्कोहोलचा अपवर्तनांकही पाण्यापेक्षा जास्त, म्हणून साखर संपली तरी मीटर सात-आठ ब्रिक्स दाखवत बसतो. नवा मुलगा घाबरून येतो, सर फर्मेंटेशन अडकलं! त्याच टाकीत तरंगता हायड्रोमीटर टाकला तर तो शून्याच्या खाली जातो, कारण अल्कोहोल पाण्यापेक्षा हलका. दोन्ही वाचनं एकत्र लावून मग हिशोब करायचा.

मणेरी, १८ ब्रिक्सचं द्राक्ष आंबटही लागू शकतं. आम्ही ब्रिक्सबरोबर आम्लता नेहमी मोजतो. जिभेला दोन्हींचं गुणोत्तर कळतं, मीटरला दोन्हींची बेरीज.

उसाचं_कांडं | ४:०५
"मीटरला बेरीज" हे बरोबर. म्हणूनच कारखान्यात ब्रिक्सवर थांबत नाहीत, पोल काढतात. तेही प्रकाशावरच. बिओ नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८१५ मध्ये दाखवलं की एका पातळीत कंप पावणारा प्रकाश काही द्रवांतून जाताना गोल फिरतो. ऊससाखर त्याला उजवीकडे फिरवते. नळी ठरावीक लांबीची घेतली की किती अंश फिरला त्यावरून साखर किती ते कळतं. क्षार, माती, बाकी कचरा यांचा त्यावर फारसा परिणाम नाही. पोल भागिले ब्रिक्स गुणिले १०० म्हणजे शुद्धता.

आता गंमत. ऊस तोडून चार दिवस उन्हात पडला की साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात. फ्रुक्टोज प्रकाशाला डावीकडे फिरवतं, तेही जोरात. ब्रिक्स मीटरवर काहीच कळत नाही, उलट पाणी उडाल्याने आकडा थोडा चढतो. शेतकरी म्हणतो माझा ब्रिक्स २१, कारखाना म्हणतो रिकव्हरी पडली. दोघांच्या हातातले आकडे खरे असू शकतात. हे मी कारखान्याची बाजू घेऊन बोलत नाहीये हे नोंदवून ठेवा. तोड वेळेवर न देणारा कोण, ते वेगळं भांडण आहे.

मधाचं_बोट | ५:१५
मग मधाची भेसळ या मीटरने ओळखता येते का? एक विक्रेता मीटर लावून दाखवत होता, "बघा, शुद्ध!"

खडूफळा | ५:३३
त्याने तुम्हाला मधातलं पाणी मोजून दाखवलं. अपवर्तनांक १.४८४० म्हणजे सुमारे २१ टक्के पाणी, इतकं ते कळतं. साखरेचा पाक तेवढाच आटवून मधात मिसळला तर मीटर बिचारा गप्प.

येनावासी | ६:०२
मी जर्मनीत येना गावी असतो, लेन्सवाल्या त्साइसच्या गावात. तुमच्या या मीटरचा आजोबा इथलाच. एर्न्स्ट अ‍ॅबे यांनी १८६९ मध्ये त्यांचा रिफ्रॅक्टोमीटर इथे तयार केला. सूक्ष्मदर्शकाच्या काचांचे अपवर्तनांक मोजायला हवे होते म्हणून. त्यांचं सूक्ष्मदर्शकाचं सूत्र इथे एका स्मारकावर दगडात कोरलेलं आहे. रोज त्याच्यावरून सायकलने जातो. तासगावची द्राक्षं मात्र इथे मिळत नाहीत, मिळाली तर ब्रिक्स न विचारता घेईन.

गृहिणी_नं_१ | ६:२०
दिवाळीत पाकाला एक तार आली की नाही, यावर आमच्याकडे सासूबाई आणि मी दोन पक्ष असतात. हा मीटर चालेल का?

टूलरूम | ६:२८
चालेल, पण ३२ पर्यंतचा नको, पाकाला ९० पर्यंतची पट्टी लागते. आणि उकळता थेंब काचेवर टाकू नका, काच तडकेल आणि आकडाही चुकेल. थेंब आधी गार करा.

गृहिणी_नं_१ | ६:३०
गार करेपर्यंत पाक पुढे जातो. सासूबाईंचं बोट पाच सेकंदांत निकाल देतं. राहू दे.

काकवी | ७:१०
गुऱ्हाळावर नेमकं हेच. एकदा हौसेने मीटर नेला होता काहिलीवर. गुळव्याने माझ्याकडे बघितलं, पळीभर पाक पाण्यात सोडला, बोटाने गोळी वळली आणि म्हणाला, उतरवा. मी अजून काच पुसत होतो.

सोल्डरगन | ७:४०
मणेरी, शनिवारआधी एक सोपी गोष्ट करा. किचनच्या डिजिटल काट्यावर १८ ग्रॅम साखर आणि ८२ ग्रॅम डिस्टिल्ड पाणी घ्या, पूर्ण विरघळवा. वजनाने १०० मध्ये १८, म्हणजे ते १८ ब्रिक्सच, ब्रिक्सची व्याख्याच ती. ते तुमच्या मीटरवर बघा. आणि शनिवारी बाटली खिशात ठेवा.

टूलरूम | ७:४४
+१. तयार केलं की त्याच दिवशी वापरा, साखरपाणी आंबतं. आणि शनिवारी तो काच कशाने पुसतो त्यावर लक्ष ठेवा.

मणेरी | शनिवार, रात्री ८:३०
मंडळी, आलो. सगळं सांगतो.

काल आधी डिस्टिल्ड पाणी टाकलं. माझा मीटर शून्याऐवजी ०.८ दाखवत होता! दोन हंगाम मी असाच बघत होतो. मागच्या वर्षी याच मीटरवर विसंबून तोडलेल्या मालाचं आता काय बोलायचं. स्क्रूने रेघ शून्यावर आणली. आज सकाळी साखरपाणी केलं, बरोबर १८ आलं.

दुपारी व्यापारी आला. मी म्हटलं आधी माझा थेंब बघा. त्याला वाटलं मी काहीतरी डाव करतोय. टाकला. १७.९. तो खूश, "बघा, माझं मशीन बरोबर." मी म्हटलं, मशीन बरोबरच आहे, आता मणी मी सांगतो तसे घेऊ. दहा ओळींतून घड निवडले, प्रत्येकाचे देठाकडचे, मधले आणि शेंड्याचे, उन्हाकडचे आणि सावलीकडचे. पन्नासेक मणी पिशवीत चेचून रस गाळला, पाच मिनिटं सावलीत ठेवला.

आणि टूलरूमभाऊ, तुमचं ऐकलं ते बरं झालं. त्याच्या हातात ओलं फडकं होतं. काच पुसली आणि ओलसर काचेवरच रस टाकला. १५.९. मी माझा कागदी रुमाल दिला, कोरडी करायला लावली, परत टाकलं. १७.१. माझ्या मीटरवर १७.२.

तीन-चार थेंब रसात थोडंसं पाणी राहिलं तर सव्वा ब्रिक्स जातो हे त्यालाही माहीत नव्हतं. निदान तसं तो म्हणाला. सौदा पेटीमागे १० रुपये कमीवर झाला. माझे पहिले १८ खोटे होते हे मीही मान्य केलं. १७ ला १० रुपये पाडणं बरोबर आहे का यावर आमचं अजून एकमत नाही, पण उद्यापासून तोड.

ओडीवाली | ८:४५
ब्लँक, स्टँडर्ड, सॅम्पल. दादा, आमच्या लॅबला अर्ज करा.

उसाचं_कांडं | ८:५२
निदान तसं तो म्हणाला!

प्रोजेक्टग्रस्त | ९:०५
माझंही चाललं! ८५० चा एलईडी, बीपीडब्ल्यू३४, बुटाचं खोकं आतून काळं रंगवून. लॉगचा आलेख दीड टक्क्यापर्यंत सरळ, मग थोडा वाकतो. एलईडी लावल्यावर पहिली पाच मिनिटं आकडा हळूहळू घसरतो, ते का?

सोल्डरगन | ९:२२
एलईडी तापला की प्रकाश कमी होतो. दहा मिनिटं तापू दे, मग मोजायला लाग. वेळ असेल तर दुसरा फोटोडायोड थेट एलईडीसमोर लाव आणि दोन्हींचा भागाकार घे. नसेल वेळ तर परीक्षकांना सांग की हे मला माहीत आहे, अर्धे मार्क तिथेच.

फुकटचा_सल्ला | ९:३०
मणेरी, एक राहिलं. त्या १८ ब्रिक्सच्या साखरपाण्याचं काय केलंत?

मणेरी | ९:३४
सौदा झाल्यावर लिंबू पिळलं आणि दोघांनी अर्धं अर्धं प्यायलो.

खडूफळा | ९:४१
लिंबू पिळल्यावर वाचन घेतलंत का? आम्लही मोजलं जातं, १८ राहिलं नसणार.

मणेरी | ९:४३
सर, ग्लास मोकळा आहे.